चुन्याची रेघ

नानासोच्या जीपचं काहीतरी बिनसलंय हे मनुबाईला गाडीच्या आवाजावरून कळलं नाही, नवऱ्याच्या जेवणावरून कळलं. ताटात भाकरी पडायच्या आधी ज्याचा हात कालवणात असायचा, तो माणूस आता अर्धी भाकरी मोडून तसाच बसायचा आणि मान एका अंगाला करून अंगणातल्या जीपकडं कान लावायचा. गाडी बंद. इंजिन गार. तिच्यातून काय ऐकू येणार होतं, कपाळ? पण नानासोला ऐकू यायचं.

"क्लच सोडला की टक् करतीया," तो म्हणायचा. "आन चाळिसाच्या वर गेली की थरका सुटतोय. पार हातात येतोय बघ थरका."

नानासो बावीस वर्षं पलटणीत गाडी चालवून आलेला माणूस. पेन्शनीवर घरी येऊन आठ वर्षं झाली होती, पण अंगातली पलटण काही उतरली नव्हती. पहाटे पाचला उठायचं, चारी टायरना बुटाची टोच मारायची आणि सातच्या ठोक्याला मायणी-विटा वडापाची, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी जीपची, पहिली खेप घेऊन निघायचं. जागा नऊ जणांची, आत माणसं चौदा, त्यात विट्याच्या कॉलेजला जाणाऱ्या पाच-सहा पोरी एकमेकींच्या मांडीवर. वडाप म्हटल्यावर आणखी वेगळं काय असणार? गाडीला बाहेरच्या मिस्तरीचा हात लागू द्यायचा नाही अशी त्याची आण होती. 'सिव्हिल मिस्तरी' हे दोन शब्द तो शिवी दिल्यासारखे उच्चारायचा.

"हातात येतोय थरका" हे ऐकलं की मनुबाई उठून चुलीकडं जायची. कारण थरका हातात येत नव्हता, तो हातातच होता.

आखाडातली गोष्ट. एका सकाळी तिनं नेहमीसारखा कपबशीत चहा दिला आणि कप बशीवर वाजायला लागला. बारीक आवाज, पण थांबेना. नानासोनं कप खाली ठेवला, उजव्या हाताची मूठ वळली आणि म्हणाला, "काल गाडी लय आदळली." दुसऱ्या दिवशी कप पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशी मनुबाईनं कपबशी उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली आणि स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली. तोही अर्धाच. अर्धा पेला कितीही हलला तरी सांडत नाही.

"च्या कमी का गं?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"दूध आटलंय," ती म्हणाली. दारात दोन म्हशी दुभत्या असताना बायको असं बोलते आणि नवरा ते ऐकून घेतो, यातच काय ते समजावं. पण दोघांपैकी कुणीच ते समजून घ्यायला तयार नव्हतं.

सांगायचं तरी कसं? ह्याच हातांनी आपण लडाखच्या बर्फातून गाडी काढली, हे त्यानं तिला लग्नापासून हजारदा सांगितलं होतं. दर खेपेला बर्फ वाढायचा. त्या माणसाला तुझे हात हलतात म्हणून सांगायचं आणि मग त्याच्याजवळ उरायचं काय? आणि न सांगावं तर ओढ्यावरचा तो बिनकठड्याचा पूल होता, त्याच्या आधीचं वळण होतं आणि आत एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या पोरी होत्या. सकाळी गाडी बाभळींच्या पलीकडं दिसेनाशी झाली की तिचा जीव जो टांगणीला लागायचा, तो संध्याकाळी इंजिनाचा आवाज येईपर्यंत. एकदोनदा तिनं आडून सांगून पाहिलं होतं, "आता बास करा की. अर्जुनाला द्या चालवायला." अर्जुना शेजारच्या वस्तीवरचा, ट्रॅक्टर चालवणारा, शांत स्वभावाचा गडी. पण नानासो असा काही उखडला की दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही.

तर अशात, चौऱ्याण्णव सालच्या नवरात्रात, नानासो एक दिवस पोतं अंथरून गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. मग आतून खडखड असा आवाज आला आणि पाठोपाठ त्याची आरोळी.

"घावलं! क्रॉस गेलंत, क्रॉस!"

तोंडाला ग्रीस, केसात माती अशा अवतारात तो बाहेर आला आणि सासरी पहिला दिवाळसण असल्यासारखा हसत होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक क्रॉस, त्या क्रॉसवर शाफ्ट हव्या त्या अंगाला मुरडतो, आणि ते दोन्ही क्रॉस आतून खाऊन ढिले झाले होते. हे सगळं त्यानं मनुबाईला हातवारे करून समजावलं. खरं सांगायचं ते त्यानं शेवटी सांगितलं.

"तीन म्हैनं झालं, ह्यो थरका ह्या हातांनी खाल्लाय मनू. हातातच मुरलाय त्यो. क्रॉस बदलला की गाडी बी गप हुईल आन हात बी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं खरं असलं तर? तिला ते इतकं खरं व्हायला हवं होतं की तिनं तिथल्या तिथं म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ बोलून टाकला.

अष्टमीला सकाळी लिंबाखाली काम निघालं. नानासोनं चाकांना धोंडे लावले, नटांवर आदल्या दिवशीच रॉकेल सोडून ठेवलं होतं, ते पान्ह्यानं करकरत सुटले आणि शाफ्ट खाली आला. मग त्याचे मधून दोन तुकडे केले. ते एकमेकांत सरकवून बसवलेले असतात, एकाच्या अंगाला दात आणि दुसऱ्याच्या पोटात त्या दातांच्या खाचा. मनुबाई तेव्हा म्हशींच्या वैरणीत होती. ती परत आली तर दोन्ही तुकड्यांवर एकेक पांढरी रेघ दिसली. तंबाखूचा चुना पुसला असेल, असं तिला वाटलं. ह्या माणसाचा चुना कशाला लागला नव्हता? खुर्चीला, सदऱ्याला, एकदा तर रेशनकार्डाला. तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तिसाव्या वर्षाच्या संसारात असं बरंच काही न विचारता, न सांगता चालतं आणि बहुतेक वेळा नीटही चालतं.

रुळाचा एक तुकडा नानासोनं कुठून तरी आणून ठेवला होता, तो ऐरणीसारखा वापरला. खाली मोठी गोटी, म्हणजे नटावर बसवायची पोकळ लोखंडी टोपी, वर लहान गोटी आणि हातोडीचे नेमके ठोके. जुन्या क्रॉसच्या टोकांवरच्या वाट्या एकेक करून बाहेर आल्या. आतलं ग्रीस वाळून तांबडा भुगा झाला होता. "बघ, बघ," तो तिला दाखवत होता, जणू त्याच्यावरचा खोटा खटला उडाला होता.

विट्याहून आणलेल्या नव्या क्रॉसच्या वाट्यांत मात्र गंमत झाली. प्रत्येक वाटीच्या आतल्या कडेनं सुईएवढ्या सळया उभ्या लावलेल्या असतात. पहिली वाटी बसवता बसवता नानासोच्या बोटांतून निसटली आणि सगळ्या सुया मातीत विखुरल्या. "ग्रीस लय गुळगुळीत हाय," तो म्हणाला. मनुबाईनं पदरात धरून एकेक सुई वेचली, रॉकेलनं धुतली. नानासोनं एक लावली, दुसरी लावली, तिसरी लावताना पहिल्या दोन्ही पडल्या. त्याच्या कपाळावर घाम आला. मनुबाईनं वाटी आपल्याकडं घेतली आणि तांदळातला खडा वेचणाऱ्या बोटांनी सगळ्या सुया ग्रीसमध्ये उभ्या केल्या.

"तुझी बोटं बारीक," तो म्हणाला.

"व्हय, बारीक हायत," ती म्हणाली. तिची बोटं त्याच्या बोटांएवढीच जाड होती.

संध्याकाळपर्यंत दोन्ही क्रॉसच्या आठही वाट्या बसल्या, पण एका वाटीचं लॉक, म्हणजे वाटी बाहेर येऊ नये म्हणून बसवायची ती अंगठीएवढी कडी, पकडीतून टिंगकन उडाली आणि लिंबामागच्या निवडुंगात नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या कुठल्याही हत्याराला कामाला लावायचं नाही, सगळी धुऊन पुजायची. नानासो पलटणीतला असला तरी ह्याच्या बाहेर नव्हता, उलट पलटणीतली शस्त्रपूजा सांगून तो तिलाच नियम शिकवायचा. नवमीला तो लॉक आणायला एस्टीनं विट्याला गेला आणि मनुबाईनं घरातलं लोखंड अंगणात काढलं.

विळा, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पान्हे, पकडी, हातोडी. चिंच आणि राख लावून तिनं एकेक घासलं. शाफ्टाचे दोन तुकडेही घासले, कारण या वर्षी ह्या घरात पुजायच्या लायकीचं दुसरं काय होतं? चुन्याचे डाग चिंचेनं लगेच निघाले. भोवतीची चार बोटं जागा लख्ख झाली, म्हणून तिथंच कुठंतरी, अदमासानं, दोन्ही तुकड्यांवर तिनं हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग हात जोडून ती पुटपुटली, "बाबा, गाडीचा थरका गाडीतच ऱ्हाऊ दे आन तिथनंच जाऊ दे." असा नवस देवालाही नवाच असेल.

दसऱ्याला दुपारी पूजा उचलली. नानासोनं लॉक बसवलं, शाफ्ट जोडला, वर चढवला, नट आवळले, झेंडूची माळ बॉनेटवर टाकली आणि अर्जुनाला शेजारी घेऊन सीमोल्लंघनाला म्हणून गाडी काढली. मनुबाई दारात उभी राहिली. नेहमी वीस मिनिटांत होणारा फेरा तासभर चालला. गाडी एकदा मायणीच्या अंगाला गेली, एकदा विट्याच्या, पुन्हा मायणीच्या. वस्तीवरच्या बायका सोनं द्यायला आल्या, आपट्याची पानं तिच्या हातात ठेवून गेल्या आणि आपण कुणाशी काय बोललो ते तिला आठवेना.

शेवटी गाडी आली. अर्जुना उतरून, "येतो काकी," म्हणून मान खाली घालून निघून गेला. नानासो पायरीवर बसला.

"टक् गेलं," तो म्हणाला. "पण चाळिसाला थरका हायच."

"मग क्रॉस नीट बसला नसंल."

"माझ्या हातचं काम हाय त्ये. लॉक बसलंय, ग्रीस गेलंय, खूण खुणेला लावलीया. शाफ्टाची चूक न्हाई." मग त्यानं दोन्ही हात पुढं धरले आणि दुसऱ्याचे असल्यासारखे पाहिले. "अर्जुनाला बसवला स्टेरिंगवर. त्यो म्हणला, नाना, मला कायबी जाणवंना. म्हंजी गाडी न्हाई थरथरत मनू. मीच थरथरतोय."

तीन महिने जे तिला सांगता आलं नव्हतं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी रडू आलं.

"ऐतवारी किल्ली अर्जुनाला दिऊन टाकतो," नानासो म्हणाला. "चौदा मानसं घिऊन पुलाखाली जायचं न्हाई मला."

काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "खूण कसली म्हणत हुता?"

"त्या दोन तुकड्यांची. हुता त्योच दात त्याच खाचंत जायला लागतोय. दोन दात जरी हिकडंतिकडं झालं तरी दोन्ही टोकांचं जमत न्हाई आन गाडी थरथरती. म्हणून तर सोडवायच्या आधी दोन्हीवर चुन्याची रेघ वढलीती. तू तिच्यावरच कुंकू वढलंस, त्ये बरं केलंस. लांबनं दिसत हुतं."

मनुबाईच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. ती वेचायच्या निमित्तानं ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. पीठ मळता मळता उठायची, म्हशीला पाणी दाखवून यायची, म्हैस नुकतीच पाणी प्यालेली असायची. ट्रॅक्टरवर बसून हाडं खिळखिळी झालेल्या माणसाला जीपचा थरका काय कळणार, हे तिला लख्ख दिसत होतं. थरका गाडीचाच होता आणि तो तिनं चिंच लावून आणला होता. बोलून टाकावं की! पण बोललं की झालं, सोमवारी सातला नानासो पुन्हा स्टेरिंगवर. आणि गप्प बसलं तर? रविवारी किल्ली जाईल, पोरी धड घरी जातील, आपला जीवही खाली पडेल. देवानंच हे हातून घडवलं असेल, असंही ती स्वतःला सांगून बघायची. नवरा चुकीच्या खुणेवरून का होईना, खऱ्या ठिकाणी पोचला होता. मग ती खूण पुसून तिला काय मिळणार होतं?

पण नानासोकडं बघवत नव्हतं. तो दिवसभर ओट्यावर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तंबाखू मळेना. टायरला टोच मारेना. शनिवारी सकाळी तो पाचला उठलाच नाही, भिंतीकडं तोंड करून जागा पडून राहिला. आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. त्याच शाफ्टावर, तिच्या कुंकवाच्या खुणेवर, अर्जुना चौदा माणसं घेऊन जाणार होता. आज नुसता थरका आहे, उद्या मोडला म्हणजे?

रविवारी अर्जुना नारळ घेऊन आला. पायात नवी चप्पल, अंगात धुतलेला सदरा, चेहरा मात्र चोरी करायला आल्यासारखा. नानासो उठला, खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. किल्लीला अडकवलेली सिद्धनाथाची पितळी मूर्ती लटलट हलत होती.

"थांबा," मनुबाई म्हणाली. "आवं, ती रेघ मी पुसलीया."

"कंची रेघ?"

"चुन्याची. मला वाटलं तुमचा तमाखूचा चुना लागलाय. चिंच लावून घासला. कुंकू मी आपलं अदमासानं लावलं, जितं घासलं तितं. नेमकं रेघंवर न्हाई लावलं."

नानासोनं किल्ली मुठीत मिटली. त्याचा चेहरा आधी काळा झाला, मग लाल.

"अगं बये!" तो गरजला तशी लिंबावरची पाखरं उडाली. "बावीस वर्सं पलटणीत हुतो, पाकिस्ताननं बी माझ्या गाडीला असं कवा केलं न्हाई! घासलीस? रेघ घासलीस? चार दीस मी हितं मड्यावानी बसलोय आन तू..." आणि बोलता बोलता तो मधेच थांबला. तोंड उघडंच राहिलं. "म्हंजी... गाडीच थरथरत हुती?"

"व्हय."

"मी न्हाई?"

मनुबाई त्याच्या मुठीबाहेर लोंबणाऱ्या, अजून हलणाऱ्या मूर्तीकडं बघत होती. पण त्याला उत्तर लागलंच नाही. तो हसत सुटला होता, अर्जुनाच्या पाठीत थाप मारत होता, पोतं शोधत होता. "ए गड्या, ठेव त्यो नारळ. सतरा नंबरचा पान्हा आण आधी!"

शाफ्ट पुन्हा खाली आला, दोन तुकडे वेगळे झाले आणि दोन विटांवर आडवे ठेवले गेले. खूण तर गेलेली. मग आता नेमका दात सापडायचा कसा? नानासोकडं त्यालाही उपाय होता. दोऱ्याला एक नट बांधून त्यानं गवंड्यासारखा ओळंबा केला. क्रॉस ज्यांत बसतो ते एका टोकाचे दोन कान दोऱ्याच्या रेषेत उभे करायचे, मग दुसऱ्या टोकाचे तसेच उभे राहतील असा दात शोधायचा. तो गुडघ्यावर बसला आणि दोरा धरला. नट हलायला लागला. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. तो थांबायची वाट बघत तिघंही बसले. नट थांबेना.

"वारं हाय," नानासो म्हणाला.

लिंबाचं पान हलत नव्हतं. अर्जुनानं मनुबाईकडं पाहिलं, मनुबाईनं अर्जुनाकडं, आणि दोघांनीही नजर दुसरीकडं वळवली.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि दोरा तिनं आपल्या हातात घेतला. "तुमी खाली बघा. नजर तुमची."

नट थांबला. नानासो एक डोळा मिटून जमिनीला गाल लावून पडला, अर्जुनाला एकेक दात फिरवायला लावला आणि ओरडला, "बास! हितंच! दोन दातांचा फरक हुता, मनू, बरोब्बर दोन दातांचा!"

तासाभरानं तिघंही रस्त्यावर होते. मनुबाई मागं बसली होती. तीस झाले, चाळीस झाले, पन्नास. गाडी अशी चालली होती की इंजिन बंद करून कुणी उतारावर सोडून दिली असावी. अर्जुनाही म्हणाला, "आता कळतंय नाना, दसऱ्याला काय हुतं त्ये." नानासो नुसता हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ओढ्याच्या पुलावर मात्र गाडी कडेला जरा जास्तच सरकली. त्यानं ती झटक्यानं आत घेतली. मागं मनुबाईनं लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

घरी आल्यावर नानासो अर्जुनाला म्हणाला, "तुला आजून धा वर्सं किल्ली न्हाई बघ. सोमवारी सातला मीच." अर्जुनानं नारळ ओट्यावर ठेवला आणि गेला. नानासो पायरीवर ऐसपैस बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यानं तंबाखूची डबी काढली.

"मनू, च्या टाक. फक्कड! आपलं हात शाबूत हायत!"

मनुबाई चुलीपुढं उभी राहिली. खरं सांगितल्यावर आतून हलकं वाटायला हवं होतं. तिला तसं काहीच वाटत नव्हतं. आपण नवऱ्याला गाडी परत मिळवून दिली आणि तिच्याबरोबर त्या पोरीही त्याच्या हातात दिल्या, एवढंच तिला दिसत होतं. चहा उकळला. तिनं नेहमीचा पेला घेतला, पुन्हा ठेवला. वरच्या फळीवर हात घातला, धूळ बसलेली कपबशी काढली, धुतली आणि कप काठोकाठ भरला. इतका की उंबऱ्यापर्यंत नेताना तिलाही श्वास धरावा लागला.

"आज कपबशी?" नानासो खुशीत म्हणाला.

"घ्या."

त्यानं घेतली. कप वाजायला लागला. आधी बारीक, मग खडखड. चहा कडेवरून बशीत उतरला, बशीतून त्याच्या बोटांवर, बोटांवरून धोतरावर. तो बघत राहिला. त्यानं दुसरा हात लावला, तरी वाजायचं थांबलं नाही. समोर लिंबाखाली झेंडूची सुकलेली माळ घालून जीप उभी होती.

"आवं," मनुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "गाडी बंद हाय."

त्यानं कपबशी खाली ठेवली. कप वाजायचा थांबला.

"कवापासनं?"

"आखाडापासनं."

"म्हणून पेला."

"व्हय."

"म्हणून अर्धा." त्यानं सदऱ्याला बोटं पुसली. "आन मी म्हणत हुतो, ह्या बाईच्या म्हशी आटतात कशा."

मनुबाई तोंडाला पदर लावून रडत होती. त्यानं तिला गप्प केलं नाही, राग केला नाही, बर्फातली गाडीही काढली नाही. खिशातून किल्ली काढून त्यानं नारळाशेजारी ठेवली आणि हात मांडीखाली न घालता मांडीवरच राहू दिले. ते हलत होते.

"अर्जुनाला हाक मार," तो म्हणाला. "नारळ फोडायचा ऱ्हायलाय. आन सांग त्याला, म्होरल्या शीटवर शेजारी मी बसणार. त्या ट्रॅक्टरवाल्याला टक् वाजलं तरी ऐकू यायचं न्हाई."

ती उठली. बांधापर्यंत गेली असेल-नसेल तोच मागून त्याची हाक आली.

"मनू! उद्यापासनं च्या अर्धाच दे."